ताईंची गादी

"जागेचं नाही म्हणत मी. जागा भरपूर आहे. पण ताईंची गादी नेमकी कुणाच्या शेजारी घालायची, ते तुम्हीच सांगा एकदा. मी कुणाकुणाची मनं सांभाळायची?"

राही बोलत होती. राही म्हणजे माझी धाकटी जाऊ, आणि ताई म्हणजे मी. उद्या तिच्या रुचिराची हळद, परवा लग्न. ती सासूबाईंशी बोलत होती आणि मी लोखंडी कपाटाच्या उघड्या दाराआड जमिनीवर बसून रुचिराच्या शालूला फॉल लावत होते. मध्ये एवढा एक पत्रा. तिला मी दिसत नव्हते. मला दाराखालून तिच्या टाचा दिसत होत्या, सकाळपासूनच्या धावपळीनं पांढऱ्या पडलेल्या. पाहुणे मंडळी जीप करून शिरपामाळ बघायला गेलेली, त्यामुळे घर घटकाभर रिकामं होतं, आणि रिकाम्या घरात हळू बोललेलं जास्तच ऐकू येतं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ताट हलल्याचा आवाज आला, एक खडा भिंतीशी जाऊन पडल्याचा आला. मग राहीनंच उत्तर दिलं. समोर पुष्पाच्या माडीवर घालू. तिथं ताईंना निवांत झोप लागेल. 'निवांत' हा शब्द तिनं इतक्या हलक्या हातानं उचलला की जणू तो काचेचा होता आणि तडा गेलेला होता.

सुई मी तशीच धरून बसले. जीभ वर गेली. गेल्या दीड महिन्यापासून मनाला काही लागलं की माझी जीभ टाळूशी जाऊन चाचपून येते, सगळं जागच्या जागी आहे ना. टाळूच्या मधोमध एक छोटा स्क्रू, त्याला दोन्हीकडं पाय, पायांच्या टोकांना दाढांभोवती कड्या, आणि शिवाय चार बारीक स्क्रू थेट हाडात बसवलेले. रोज एकदा चावीनं तो मधला स्क्रू फिरवायचा की वरचा जबडा केसाएवढा रुंद होतो. साखरशेतहून नाचणी घेऊन येते त्या बायडीनं माझ्या तोंडात वाकून बघितलं आणि विचारलं, "बैलाला ठोकत्यात ती नाल तुझे टाळूला ठोकली का गो बाय?" बायडी एकटीच सरळ विचारणारी. बाकी जव्हारभर लोक माझ्या दातांकडं बघतात आणि मग हवापाण्याचं बोलतात. कारण पुढच्या दोन दातांत आता फट पडली आहे, भाताची काडी जाईल एवढी. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली बाई, वय सेहेचाळीस, शिवणाचं दुकान, मुलगा नाशिकला नोकरीत, आणि हिला आताच दात करायची हौस आली? नाशिकला कुणीतरी बघितला असणार. बाजारात मी वांगी निवडत असताना माझ्या पाठीमागं हे स्थळ जवळजवळ ठरलं सुद्धा होतं. मी मागं वळले नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. लोकांनी मनातल्या मनात माझं दुसरं लग्न लावून द्यावं, अक्षता टाकाव्यात, पण खऱ्या कारणापर्यंत पोचू नये. बाईमाणसानं दुसरा नवरा केला तर निदान चारचौघींत कुजबुजता तरी येतं. माझ्या कारणाची कुजबूजही करता येत नाही.

त्या कारणाला मी लहानपणापासून 'आवाज' म्हणते. आईही तसंच म्हणायची. रात्री ती माझं नाक चिमटीत धरून मला उठवायची, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी बाकीच्या बायकांना बाहेर घालवून तिनं मला जे एकच गुपित सांगितलं ते असं, की कुशीवर नीज, आणि सासरी शक्यतो निजूच नको. पहिल्या दिवाळीला आम्ही मोखाड्याला नवऱ्याच्या, भास्करच्या मामांकडं गेलो. सकाळी मामा बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, काल रात्री कोण होतं बुवा, कौलं उडायची तेवढी राहिली. मी दारात फराळाचं ताट घेऊन उभी. एकवीस वर्षांची. ताटातली करंजी मला तेव्हा जितकी स्पष्ट दिसली तितकी पुढं कुठलीच करंजी दिसली नाही. तिची मुरड एका जागी सुटली होती. आणि भास्कर, ज्यांना मी अजून नीट ओळखतही नव्हते, वर न बघता म्हणाले, "मी. सर्दी झालीय."

ती सर्दी बावीस वर्षं टिकली. पुरुषाच्या घोरण्याला घरात मान असतो. त्याचे विनोद होतात, त्याला नावं पडतात, जावई घोरला तर सासरे कौतुकानं सांगतात. भास्करना आमच्या अख्ख्या गोतावळ्यात गिरणीकाका नाव पडलं. पोरं पाया पडतानाही गिरणीकाका म्हणायची. ते हसायचे. मोखाड्याच्या कचेरीतले लोकसुद्धा त्यांना विचारायचे, साहेब, काल किती पायली दळलं? आम्ही दोघं याबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. एकदाही नाही. मी आभार मानले नाहीत, त्यांनी सुचवलं नाही. फक्त कधी कधी घरात पाहुणे असले की दुपारी ते आरामखुर्चीत पेपर घेऊन पडायचे आणि मुद्दाम घोरायचे. स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं. अगदी वाईट नक्कल. नाटकातला म्हातारा झोपेचं सोंग घेतो तसली; मध्येच आवाज थांबायचा आणि पेपरचं पान उलटल्याचं ऐकू यायचं. मी पोळी लाटता लाटता हसायची आणि हसता हसता मला इतकं भरून यायचं की पोळीला कोपरे पडायचे. सगळे हसायचे तेव्हा सासूबाई मात्र हसायच्या नाहीत. त्यांची खाट आमच्या खोलीच्या भिंतीला लागून, मध्ये विटेची एकेरी भिंत. त्या हसत नाहीत हे मला दिसत होतं. दिसलेलं सगळं बघायचं नसतं, हे मी सासरीच शिकले.

आणि मग एका सोमवारी भास्कर कचेरीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. घर बायकांनी भरलं. चार खोल्यांत अकरा बायका, सगळ्या माझ्यासाठी आलेल्या, माझ्या दोन्ही बाजूंना निजणाऱ्या. तीन रात्री मी भिंतीला टेकून बसून काढल्या. चौथ्या रात्री डोळा लागला. सकाळी उठले तर चहा झाला होता आणि कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. कप माझ्या हातात आला, कुणाच्या हातून आला ते कळलं नाही. राहीची आई म्हणाली, रात्री कुत्री फार भुंकत होती. दुसरी म्हणाली, हो बाई, फार. आमच्या गल्लीत तेव्हा एकही कुत्रं नव्हतं. मला वाटलं, आता हे माणूस दुसऱ्यांदा गेलं. पहिल्यांदा गेलं ते सगळ्यांचं गेलं, हे दुसरं माझ्या एकटीचं. माझ्या पुढं उभं राहायला आता कुणी नाही. पुढं तेराव्यापर्यंत मी जागीच राहिले. पाठ भिंतीला, मूठ मांडीत रुतवलेली. येणारे जाणारे बाहेर जाऊन सांगायचे, काय प्रेम होतं हो, बाईच्या डोळ्याला डोळा नाही. प्रेम होतंच. पण शरमेचं माप घेतलं असतं तर तेही काही कमी भरलं नसतं, आणि ती दोन कापडं मी अजून वेगळी करू शकलेली नाही.

त्यानंतर लोक आमच्याकडं मुक्कामाला येईनासे झाले. यायचे, जेवायचे, आणि शेवटची एसटी गाठायची म्हणून घाईनं उठायचे. तन्मय माझा मुलगा, लाखात एक, तो सुट्टीला आला की कानांत ती बोंडं घालून निजतो. म्हणतो गाणी ऐकतो. मीही लग्नांना सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची. आवाजाचं सोडा. पूर्वी आवाज मध्येच बंद पडला, म्हणजे माझा श्वासच अडला, की खांद्यावर भास्करचा हात यायचा आणि मी कुशीवर व्हायची. आता हात येत नव्हता. मी बुडणाऱ्या माणसासारखी धडपडत उठून बसायची, आणि घसा कोरडा, छाती धडधडते, आणि अंधारात कोण कुठं आहे ते आठवावं लागायचं. एकदा बायडी बोलता बोलता आपल्या नवऱ्याचं सांगत होती. "घोरतं तवर माणूस जित्तं कळतं गो. गप पडला का मी लाथ मारतंय." मी बटणं लावत होते. हसले, आणि तिला नाचणीच्या पैशाबरोबर एक नवीन पोलकं दिलं. ती का देतेस म्हणाली नाही.

दाढ दुखत होती म्हणून नाशिकला गेले तर त्या डॉक्टरीणबाईंनी दाढेचं बघून झाल्यावर विचारलं, झोप कशी लागते? इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्या खुर्चीत उताणी, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, आणि जे आईपाशी बोलले नाही ते त्यांच्यापाशी बोलले. त्यांनीसुद्धा तो शब्द नाही घेतला. 'श्वासाचा त्रास' म्हणाल्या. एका रात्रीसाठी छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून तपासणी झाली. मग त्यांनी माझ्या जबड्याचं चित्र दाखवलं. टाळूच्या मध्ये शिवण असते, म्हणाल्या. लहानपणी ती कच्ची असते, तुमची पक्की झालीय, पण प्रयत्न करू. टाळू अरुंद, त्यामुळे वर नाकाची वाटही अरुंद. ही शिवण हळूहळू उघडायची, मध्ये नवीन हाड भरतं. पूर्ण गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. अंगाला आवळणारा ब्लाऊज मी आयुष्यभर असाच सैल करत आले आहे. मी म्हटलं, उसवा.

घरी जाताना त्यांनी एक छापील कागद दिला. 'काय अपेक्षित आहे'. हे यंत्र बहुतेक लहान मुलांना बसवतात, म्हणून कागद आईबापांसाठी लिहिलेला. पहिले दोनतीन दिवस आपल्या पाल्याच्या तोंडाला लाळ सुटेल. आपल्या पाल्याचे बोलणे काही दिवस अस्पष्ट होईल, त्यास मोठ्याने वाचन करण्यास सांगावे. चावी फिरविल्यावर नाकाच्या मुळाशी व डोळ्यांच्या मध्ये दाब जाणवेल, पाल्यास धीर द्यावा. पुढील दातांत फट दिसू लागल्यास घाबरू नये, उपचार लागू पडत असल्याची ती खूण आहे. एसटीत घाट उतरेपर्यंत मी तो चार वेळा वाचला. जगात माझी पाल्य म्हणून कुणी नोंद घेतली नव्हती तेवढी त्या कागदानं घेतली. मग मीच माझी पालक झाले. लाळ पुसली. भाकरीचा लगदा यंत्राच्या वर जाऊन बसायचा तो पिचकारीनं पाणी मारून काढला. सुरुवातीला 'शिलाई' म्हणताना गिऱ्हाईक माझ्या ओठांकडं बघत राहायचं, तर दुकान बंद करून मी मोठ्यानं वाचलं: जुने पेपर, औषधाच्या बाटलीवरचं, बियाण्याच्या पिशवीवरचं, जे हाताला येईल ते. रोज दुपारी चार वाजता डाव्या हातात आरसा, उजव्या हातात चावी, पुढून मागं एक फेरा. दाब नाकाच्या मुळाशी यायचा, दाराला आतून कुणी खांदा लावावा तसा. पालक या नात्यानं मी म्हणायची, झालं हं, झालं. अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी डोक्यात कुठंतरी टक् असं वाजलं, हलकेच, आणि दुसऱ्या दिवशी आरशात फट. माझे दात चांगले होते हो. सरळ, जुळलेले. ते असे मध्ये वाट देऊन उभे राहिलेले बघून मी रडले आणि रडता रडता लक्षात आलं की नाकानं रडतेय. हवा आत येत होती. थंड, पातळ, मोखाड्याकडच्या सकाळसारखी. सेहेचाळीस वर्षांत इतकी हवा एका वेळी मला कुणी दिली नव्हती.

आणि आता राही माझी गादी पुष्पाकडं पाठवणार होती.

फॉलचे शेवटचे टाके घातले, दोरा तोडला, शालूची घडी घालून कपाटात ठेवली. राही दचकली. ताई, तुम्ही इथंच होतात? मी म्हटलं, फॉल झाला. तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघून मला तिची कीव आली. वाईट नाही ती. पन्नास माणसांचं करतेय, डिसेंबरातली थंडी, कुणाला गच्चीवर निजवता येत नाही, खोल्या पुरुष पाहुण्यांना दिलेल्या, सगळ्या बायका एका हॉलमध्ये, त्यात रुचिराच्या मैत्रिणी, राहीच्या माहेरची रंगूमावशी. तिनं तीच वाक्यं मला ऐकवली, यावेळी साखर घालून: पुष्पावहिनींनी वर खोली झाडून ठेवलीय, तुम्हाला विश्रांती हवी, हल्ली तुमची दगदग होते. विश्रांती कशासाठी, असं मी विचारलं असतं तर तिनं दातांचं नाव घेतलं असतं. घरातल्या सगळ्यांनी परस्पर ठरवलंय की माझा दात वाकडा होता.

गादी माझ्या आधी जाऊन पोचली होती. पुष्पा माझी बालपणाची नाही पण दुकानाच्या पायरीवरची मैत्रीण, वीस वर्षं समोरासमोर. तिनं खिडकीला जाड पडदा लावला होता, दाराच्या फटीला खालून चादर दुमडून सारली होती. तिच्या घरची माणसं खाली निजणार होती, हे तिनं मी न विचारता सांगितलं. "तुला इथं कसं मोकळं वाटेल," ती म्हणाली. मी म्हटलं, मोकळं म्हणजे? तर ती पडद्याची चुणी सारखी करत राहिली, मग चहा टाकते म्हणून खाली गेली. दाराखालची ती चादर मी बघत उभी राहिले. चांगली धुतलेली, निळ्या फुलांची. मायेनंच दुमडली होती. या गावात माझ्यावर जेवढी माया झाली आहे, त्यातली बरीचशी अशीच दाराच्या फटीत घातलेली आहे.

चार वाजले. पर्समधून चावी काढली, पुष्पाच्या आरशापुढं उभी राहिले, तोंड उघडलं. स्वतःचा टाळू बघायची मला आता सवय झालीय. गुलाबी, ओला, मध्ये धातू, बायकोचा ना विधवेचा, कुणाचाच न वाटणारा. चावी घातली. मागं ढकलली. दाब चढत गेला, नाकाशी, भुवयांमध्ये, डोळ्यांत पाणी. कागदात लिहिलंय पाल्यास धीर द्यावा. पण आज धीर देववेना. पाल्यानं उलट विचारलं, कशाला रुंद करतेयस मग? हाड उसवायचं धाडस आहे तुला आणि गादी घालायचं नाही? मला त्या बावीस वर्षांचा राग आला. भास्करचा आला, इतकं चांगलं का वागलात म्हणून. आईचा आला. करंजीचा आला. सगळ्यांत जास्त माझा आला, की ते माणूस गेलं त्यालाही तीन वर्षं झाली आणि मी अजून त्यांच्या आड निजतेय. गादी गुंडाळली. चांगली जड कापसाची गादी. डोक्यावर घेतली आणि पुष्पाच्या जिन्यावरून खाली उतरले. ती चहाची किटली हातात धरून बघत राहिली. मी म्हटलं, नंतर पिते.

गल्ली ओलांडायला वीस पावलं लागतात. मंडळी शिरपामाळहून परतली होती. हॉलभर बायका, धुळीचे पाय, चहा, शेवेचा वास. सासूबाई त्यांच्या कोपऱ्यात, मांडीवर तेच ताट. मी मधोमध गादी उतरवली, रंगूमावशींच्या पिशवीशेजारी, आणि पायानं सारखी केली. गाद्या घालायला अजून कितीतरी वेळ होता, सगळ्यांना ते माहीत होतं. राही कपांचा ट्रे घेऊन आली ती दारातच थांबली. "अहो ताई, तिकडं निवांत..."

"मला निवांत नको," मी म्हटलं.

रंगूमावशी मनानं मोठी बाई. मोखाड्याला असताना भास्कर दुपारी कधीमधी त्यांच्याकडं जेवायचे. प्रसंग सावरावा म्हणून त्या पिशवी बाजूला घेत म्हणाल्या, "घाला हो, घाला. आता कसली भीती? आमचे भास्करराव असते तर मात्र आज कुणाची झोप होत नव्हती. गिरणीच ती." आणि सगळ्या हसल्या. प्रेमानं हसल्या, गेलेल्या माणसाला हसतात तशा, डोळ्यांत थोडं पाणी आणून. एका पोरीनं तर आवाज काढून दाखवला. हसायची माझी वेळ होती. बावीस वर्षं मी बरोबर या जागी हसत आले, ओठ आपोआप उघडलेसुद्धा. फटीतून हवा आत गेली.

"मावशी," मी म्हटलं, "ते नव्हते."

माझे शब्द जाड येतात हल्ली, पण हे दोन स्वच्छ आले. हसू विझलं. मग कोण, असं कुणीही विचारलं नाही. सगळ्याच्या सगळ्या जणी कपात बघायला लागल्या. राही म्हणाली, चहा निवतोय, घ्या ना. एकीनं शिरपामाळचा वारा किती सुटला होता ते काढलं. मी पुढचं वाक्य माडीवरच जुळवून आणलं होतं, तीन शब्दांचं, त्यात न उच्चारता येण्यासारखं एकही अक्षर नव्हतं. ते धातूच्या खाली अडकून बसलं. टाळू दुखत होता. मी उभी होते, गादीच्या कडेवर, सगळ्यांच्या मध्ये, आणि वाटलं की आता हे वाक्य आलं नाही तर ते माणूस कायमचं गिरणी राहील.

सासूबाईंनी ताट मांडीवरून खाली ठेवलं. पदरानं हात पुसले, एक, मग दुसरा. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, रंगूमावशींकडंही नाही. समोरच्या भिंतीकडं बघत होत्या, जिच्या पलीकडं आमची खोली.

"लहानपणी मी त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची," त्या म्हणाल्या, "इतका गुपचूप निजायचा. माझा भास्कर कधी घोरला नाही. ही घोरते."